कैफियत कोणी लिहावी?

कोयनेच्या पाण्याखाली पाटण तालुक्यातील ज्या रयतेची घरेदारे गेली, तिच्या विस्थापनाची पाहणी करून ती १९६९ साली जाई निंबकर यांच्यासह ग्रंथरूपाने मांडणाऱ्या इरावती कर्वे बर्लिनच्या आचार्य होत्या. आणि बर्कलेत १९७३ साली सत्यशोधकी परंपरेवरील प्रबंधाने तीच पदवी संपादून ज्यांनी सांगली जिल्ह्यातील कासेगाव आपले मानले, त्या गेल ऑम्वेट यांनी आपली विद्या याच मुलखातील धरणग्रस्तांच्या व स्त्रियांच्या चळवळींस वाहिली. एकीचा जन्म ब्रह्मदेशातला, दुसरीचा अमेरिकेतला. हा योगायोग आम्हांस गोड वाटतो, तसा थोडा खुपतोही. कारण उरांव समाजातील सोनाझरिया मिंझ संगणकशास्त्राच्या प्राध्यापक होऊन २०२० साली दुमक्याच्या सिदो कान्हू मुर्मू विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, म्हणजे संथाळ परगण्यातील विद्यापीठाची सूत्रे आदिवासी विदुषीच्या हाती आली. आमच्या सह्याद्रीतील कातकरी वा गवळी-धनगर कन्येस मात्र प्रबंधाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, डोंगरावरच्या वस्तीतून माध्यमिक शाळेपर्यंतची पायपीट, जातीच्या दाखल्यासाठी कचेरीचे हेलपाटे आणि लग्नाची घाई ही तीन प्रकरणे निकालात काढावी लागतात, आणि त्यांस मार्गदर्शक कोणतेही विद्यापीठ नेमून देत नाही.