मोटारींत माणसें किती?

घरांत मोटार यावयाची ठरली म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न रंगाचा निघतो, दुसरा किंमतीचा, आणि ‘एका लिटरला किती जाते?’ हा तिसरा. गाडी दारीं आल्यावर सहा महिन्यांत हे तिन्ही प्रश्न मागें पडतात, आणि मग जो उरतो तो दुकानांत कोणीं विचारलेलाच नसतो: घरांतलीं माणसें हिच्यांत बसावयाचीं कशीं? मध्यम आकाराच्या मोटारी बाळगणाऱ्या ज्या पांचसात घरांशीं आमचें जाणें-येणें आहे, त्या प्रत्येक घरीं मोटारीची गोष्ट निघाली कीं फिरून फिरून याच ठिकाणीं येते. म्हणून या महिन्याचें पान आम्हीं या प्रश्नास दिलें आहे.

जुन्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता. याचें कारण त्या पिढीच्या गाड्यांत आहे. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांपैकीं एक दारांत असली म्हणजे घराची मोटारीची हौस फिटली, असा तो काळ. त्यांच्या कित्येक गाड्यांत पुढची बैठक बाकासारखी अखंड असे आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं असे. त्यामुळें पुढें तिघे बसत, मागें चौघे, आणि मुलें मोठ्यांच्या मांडीवर किंवा दोन गुडघ्यांच्या मध्यें उभीं. पद्मिनीचें एंजिन अवघें १०८९ घनसेंटिमीटरचें. तेवढ्या जिवावर आठ माणसें, वळकटी आणि फराळाचे डबे घेऊन ती पसरणीचा घाट चढे, मध्यें एकदां थांबून पाणी पिई आणि पुन्हां चालूं लागे. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निघून गेली. गाड्या गेल्या, पण ‘सरका जरा, होईल!’ हें वाक्य आपल्या घरांतून गेलें नाहीं. आतां तें अशा मोटारींत उच्चारलें जातें, कीं जी द्रुतगति मार्गावर ताशीं शंभर किलोमीटरनें धांवते आणि धांवत आहे हें आंत बसणाऱ्यास कळूंहि देत नाहीं.

आमच्या परिचयाच्या घरांत दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. कांहींकडे १९९८ पासून या देशांत मिळूं लागलेल्या होंडा सिटीसारखी, मागें लांब डिकी असलेली पांच आसनांची. कांहींकडे २०१२ सालीं आलेल्या मारुती अर्टिगासारखी सात आसनांची. चार मीटरांहून लांब असल्यामुळें दोहींवर करहि अधिक: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीस १८ टक्के जी.एस.टी., तर हिला ४०. असो, पैशाचा हिशेब ज्याचा त्यानें केलेलाच असतो.

पहिल्या तऱ्हेच्या मालकांची तक्रार गुडघ्यांची. सिटीची डिकी ५०६ लिटरांची; चार बॅगा आणि आंब्याची पेटी सहज गिळते. परंतु आसन खालीं असल्यामुळें आजोबांना तिच्यांत बसणें म्हणजे पाटावर बसण्यासारखें, आणि उठणें त्याहून कठीण. यावर एका घरीं फिजिओथेरपीच्या बाईंनीं शिकविलेली युक्ति चांगली आहे. आधीं पाय आंत न टाकतां पाठ करून आसनावर बसावें, आणि मग दोन्ही गुडघे एकत्र फिरवून आंत घ्यावे. उतरतांना याच्या उलट. एक पाय आंत आणि एक बाहेर अशा अवस्थेंत म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो.

दुसऱ्या तऱ्हेच्या गाडींत चढणें-उतरणें सोपें, पण तें दुसऱ्या रांगेपर्यंतच. तिसऱ्या रांगेत जावयाचें तर मधलें आसन पुढें ढकलून त्या फटींतून अंग चोरून शिरावें लागतें, आणि बसल्यावर गुडघे हनुवटीकडे येतात. पन्नाशीपुढच्या कोणा माणसानें तिथून आनंदानें चार तास प्रवास केल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाहीं: सातहि आसनें उघडलीं म्हणजे अर्टिगाच्या डिकींत २०९ लिटर जागा उरते. सात माणसें किंवा सात माणसांचें सामान, दोहोंपैकीं एक निवडा, असा तो प्रकार. मग सामान टपावर जातें, गाडी वळणावर डुलूं लागते, आणि ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात.

इतकें सोसूनहि आठवें माणूस निघतेंच. सात आसनी गाडी घेतली म्हणून नऊजणांनीं निघावें, पांच आसनी घेतली म्हणून सातांनीं निघावें, हें गणित आम्हीं जवळजवळ प्रत्येक घरीं पाहिलें. त्यामागें माया असते, हें आम्ही जाणतों. एकाला घरीं ठेवून बाकीच्यांनीं देवदर्शनास जाणें आपल्या मनास लागतें. पण घर माणसें मोजतें, आणि मोटार पट्टे मोजते. पट्टे पांच असतील तर ती गाडी पांचांचीच. सहाव्यासाठीं तिच्यांत बैठक असेल, रक्षण नाहीं.

४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत, सूर्या नदीवरील पुलाजवळ, उद्योगपति सायरस मिस्त्री यांची मोटार धडकली. गाडी उत्तम होती. पुढें बसलेले दोघे जखमी होऊन वांचले. मागें बसलेले दोघेहि गेले. मागच्यांनीं पट्टा लावला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. त्या आठवड्यांत घरोघरीं मागचे पट्टे शोधले गेले. कित्येकांचे तर आसनावरील खोळीखालीं गाडले गेले होते! पुढें १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनीं सर्वच प्रवाशांना पट्ट्याची सक्ति केली. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यांत बिनपट्ट्याला एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा बालआसनानें बांधलेलें नसेल तरीहि तितकाच आहे. दंडाची आम्हांस फारशी मातब्बरी वाटत नाहीं. खरा प्रश्न मांडीचा आहे.

‘मूल माझ्या मांडीवर आहे, मी घट्ट धरलें आहे,’ असें प्रत्येक आई आणि प्रत्येक आजी म्हणते. जरा हिशेब करूं. ताशीं ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडक बसून गाडी एक-दशांश सेकंदांत थांबली असें धरलें, तर आंतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारें चौदापट जोर पडतो. दहा किलोचें नातवंड त्या क्षणापुरतें १४० किलोचें होतें. १४० किलोचें पोतें ज्यांना नुसत्या हातांनीं धरून ठेवतां येईल, त्यांनीं मूल खुशाल मांडीवर घ्यावें. पुढच्या आसनावर मांडीवर घेणें तर त्याहून भयंकर. कारण समोरची एअरबॅग डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फुगते, आणि मूल तिच्या व आईच्या मध्यें सांपडतें. तान्ह्याचें बालआसन मागें, पाठमोरें बांधावें. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागीं पाठमोरें आसन कधींहि ठेवूं नये. बाळ चार दिवस रडतें, पांचव्या दिवशीं त्यांतच झोंपूं लागतें, असा एका आजींचा अनुभव आहे. पहिले चार दिवस त्याच विरोधांत होत्या.

स्त्रियांची तक्रार निराळी आहे आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. पट्टा मानेला घासतो, पदर चुरगळतो, श्वास कोंडतो. पैकीं पहिल्या तक्रारीवर इलाज आहे: पुढच्या पट्ट्याचा वरचा अडकाठा पुष्कळ गाड्यांत खालीं-वर करतां येतो, तिरपा पट्टा गळ्याच्या हाडावरून छातीवर यावा, आणि आडवा पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर खालीं बसावा. गर्भवतीनें तो पोटाच्या खालून घ्यावा. पट्टा कांखेखालून घेणें ही सोय नव्हे, दुखापतीला आमंत्रण आहे. बुडाखालीं जाड उशी घेऊन बसण्याची संवयहि सोडावी. धडकेंत उशी दबते, माणूस पट्ट्याखालून सरकतें. पदर चुरगळतो यावर मात्र आमच्यापाशीं उपाय नाहीं.

पुरुषांचें वर्तन याहून वाईट. पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी बंद करण्यासाठीं खांचेत नुसतेंच अडकवावयाचें एक पितळेचें-लोखंडाचें जिभलें बाजारांत मिळत असे. २०२३ च्या मे महिन्यांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पांच ऑनलाइन विक्रेत्यांना तें विकणें बंद करावयास लावलें. आपल्याच जिवाची घंटी बंद करण्यासाठीं पदरचे पैसे खर्च करणारा सुशिक्षित मनुष्य पाहून काय बोलावें!

गाडी भरून जावयाचें तेव्हां चालकाच्या दाराजवळचा तक्ता वाचावा. पुष्कळ गाड्यांत भरलेल्या गाडीसाठीं टायरांत हवा किती हवी, याचा आंकडा त्यावर निराळा दिलेला असतो. जड वस्तु डिकींत तळाशीं ठेवाव्या, मागच्या काचेपाशीं कांहीं ठेवूं नये. वर सांगितलेला चौदापटीचा हिशेब नारळालाहि लागतो. घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें राहावें, सारखा ब्रेक दाबून तो तापवूं नये.

राहिला प्रश्न उरलेल्या माणसांचा. आमच्या स्नेह्यांच्या एका घरीं नऊ माणसें आणि पांच पट्टे आहेत. गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला जावयाचें ठरलें, कीं तिथें आतां कोण मोटारीनें आणि कोण एस.टी.नें, हें आठवडाभर आधीं भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलें जातें. पाळी पाळीनें, सुनांनाच नेहमीं एस.टी., असें नाहीं. एस.टी.त ७५ वर्षांवरील माणसांना २०२२ च्या ऑगस्टपासून तिकीट पडत नाहीं, आणि स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्धेंच पडतें. त्यामुळें खर्चाची कुरकुर उरली नाहीं. गेल्या खेपेस आजींची पाळी मोटारीची होती, तर त्यांनीं ती धाकट्या सुनेस देऊन टाकली. एस.टी.ची खिडकी मोठी असते, पाय पसरतां येतात, आणि कऱ्हाडास गाडी थांबते तेव्हां चहा मिळतो. मोटारीवाले कुंभार्लीचा घाट उतरेपर्यंत थांबत नाहींत, हें त्यांनीं सर्वांदेखत सांगितलें.