यादीतला 'क्लायंट' आणि बुडालेला रोज



डहाणूला आमच्या वस्तीत एक छोटी अभ्यासिका आहे. वर्गणीतून घेतलेला एक जुना संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर राऊटरची डबी, एवढाच तिचा संसार. पण शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. गेल्या खेपेला तिथे जे घडले ते आज सांगतो. उद्या तुमच्याकडेही ते घडू शकते.

तलासरीहून एक ताई मुलीला घेऊन आल्या. ताई चिकूच्या वाडीत रोजावर जातात. त्या दिवसाचा रोज बुडवून एस.टी.ने आल्या होत्या. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, त्यांच्या घरातली पहिलीच. महाडीबीटीवर तिच्या अर्जाचे नूतनीकरण करायचे होते आणि मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. सगळे दाखले स्कॅन करून संगणकात ठेवलेले. आणि नेमका तेव्हाच संगणक म्हणतो, इंटरनेट नाही!

आदल्या संध्याकाळी सारे ठीक होते. केबल काढून परत लावली. राऊटर बंद-चालू केला. त्याच राऊटरवर मुलांचे मोबाइल मात्र झकास चालत होते. माझा पारा चढला. "काल मशीनला कोणी हात लावला?" असे मी भर खोलीत ओरडलो. सगळी मुले खाली माना घालून बसली. मग दुरुस्तीवाला आला. दोन मिनिटांत त्याने निकाल दिला, "नेटवर्कचे कार्ड गेले. बाराशे रुपये." तेवढे पैसे पेटीत नव्हते. ताई मुलीला घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊ, उद्याचाही रोज जाईल. पण येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडला. त्यावरून तरी नेट मिळेल असे वाटले. तेही मिळेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी बी.कॉम. झालेला कारकून. दोन वेगवेगळ्या वह्यांत सारखाच फरक येऊ लागला की चूक वहीत नसून लिहिणाऱ्या हातात आहे, हे आम्हाला कळते. मोबाइलचा रस्ता त्या कार्डावरून जातच नाही. मग कार्ड गेले म्हणून तो रस्ता कसा बंद पडेल? दोष संगणकाच्या आतच कुठेतरी होता.

एवढ्यात नववीतला एक मुलगा हळूच जवळ आला. "काका, मी केले. मशीन हळू चालते म्हणून एक व्हिडिओ बघितला. नको त्या सर्व्हिस बंद करा, असे त्यात होते. यादीत 'डीएचसीपी क्लायंट' असे नाव दिसले. मला वाटले, क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक. आपण काय दुकान चालवतो? म्हणून बंद केले."

मला हसू आले आणि लाजही वाटली. ते काय काम करते, हे आमच्यापैकी कोणाला तरी ठाऊक होते का?

आता नीट समजून घ्या. संगणकाला जाळ्यात यायचे तर एक क्रमांक लागतो, जसा घराला घरक्रमांक. हे क्रमांक वाटायचे काम राऊटर करतो. पण मागितल्याशिवाय तो देत नाही. "मला क्रमांक द्या" असे मागणारा संगणकातला सेवक म्हणजे हा डीएचसीपी क्लायंट. ही क्रमांक वाटण्याची पद्धत 1993 साली ठरली आणि आज घरोघरी तीच चालते. मागणाराच झोपवला, तर केबल चांगली, कार्ड चांगले, राऊटरचा दिवाही लुकलुकतो, पण संगणक बेवारस. मोबाइल जोडला तरी क्रमांक मागावाच लागतो, म्हणून तेही चालले नाही.

मग त्याच संध्याकाळी नेट का गेले नाही? कारण मुलाने सेवकाला 'यापुढे उठू नकोस' एवढेच सांगितले होते. चालू असलेले काम तसेच चालू राहिले. सकाळी मशीन नव्याने सुरू झाली आणि तो उठलाच नाही.

उपाय सोपा आहे. विंडोजची कळ दाबून 'आर' दाबा. चौकटीत 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' हे इंग्रजीत लिहा. यादीत डीएचसीपी क्लायंटवर दोनदा क्लिक करा. 'स्टार्टअप टाइप' पुढे 'ऑटोमॅटिक' निवडा, 'अप्लाय' करा, मग 'स्टार्ट' दाबा. मुलाने हे माझ्यासमोर स्वतः केले. नेट आले!

त्याच यादीतले 'डीएनएस क्लायंट' आणि वायफाय सांभाळणारे 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' यांनाही हात लावू नका. काही बंद करून पाहायचेच असेल, तर एका वेळी एकच करा, मशीन पुन्हा सुरू करून बघा आणि वहीत लिहून ठेवा.

ताई दुपारी आल्या. चारच्या आत अर्ज गेला. मुलीने पोचपावतीची प्रत काढून दोनदा वाचली आणि पिशवीत ठेवली. बाराशे रुपये वाचले. पण ताईंचे दोन रोज गेले. पहिला त्या मुलाच्या चुकीने गेला, हे खरे. दुसरा माझ्या ओरडण्याने गेला. मी शांतपणे विचारले असते, तर पोरगे पहिल्याच दिवशी बोलले असते.

आता संगणकाजवळ दोरीने बांधलेली एक वही आहे. तारीख, काय बदलले, कोणी बदलले. पहिली नोंद त्या मुलाच्या अक्षरात आहे. ती वाचून कोणीही रागवायचे नाही, हा नियम मी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिला आहे. आपल्या वस्तीतही अशी एक वही ठेवावी, ही विनंती.