डोळ्यांच्या केसपेपरवर लघवीचा प्रश्न

सत्तरीतल्या काकाजींचा एक डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला, एकाचे दोन दिसू लागले, की नागपुरातलं कोणतंही घर त्यांना नेत्रतज्ज्ञाकडेच नेणार. तिथे आधी थायरॉइडचा संशय घेतला जातो, आणि तो रास्तच आहे. पण क्वचित एखाद्याच्या सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीचं हाड जाड झालेलं दिसतं आणि दुखण्याचं मूळ निघतं थेट मूत्राशयाखाली, प्रोस्टेट ग्रंथीत.

प्रोस्टेटच्या कर्करोगाला हाडांची भारी ओढ. कंबर, पाठीचा मणका, फासळ्या हे त्याचे नेहमीचे मुक्काम. खोबण तरी काय, सात हाडांचीच बनलेली! बरेच कर्करोग हाड पोखरतात. हा मात्र बहुधा नवं, वेडंवाकडं हाड रचत जातो. म्हणून मेंदूच्या आवरणाची गाठ असावी असा चकवा बसतो. तुकडा काढून तपासला की उलगडा होतो.

तो इतक्या वर पोचतो कसा? एक वाट १९४० साली अमेरिकेतल्या ऑस्कर बॅटसन यांनी दाखवली. ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात आणि त्या जाळ्यात झडपाच नसतात. खोकला, कुंथणं, पोटावर जोर आला की रक्त उलटंही वाहतं आणि कर्करोगाच्या पेशी सोबत नेतं.

खरी अडचण शरीरशास्त्राची नाही, संकोचाची आहे. रात्री चारदा उठावं लागतं, धार बारीक झाली, हे काकाजी घरात बोलत नाहीत. बोललेच तर ‘वय झालं न आता’ म्हणून विषय संपतो. लपवण्यात मोठी माणसंही मागे नव्हती. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांचा हाच आजार १९८१ साली हाडांत पसरलेला सापडला, पण देशाला तो वर्षानुवर्षे कळू दिला नाही. विदर्भाने निदान कर्करोगाचं नाव तरी उघड घेतलंय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले आणि नागपुरातलं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यांच्याच नावाने उभं आहे. लघवीचा विषय मात्र अजून दाराआड.

म्हणून प्रस्तुत स्तंभाचा हट्ट एवढाच: उतारवयातल्या पुरुषाचा डोळा पुढे आला असेल, तर केसपेपरवर दोन प्रश्न वाढवावेत. लघवीला त्रास आहे का? कंबर दुखते का? उत्तर ‘हो’ आलं तर रक्ताची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची, तपासणी करावी. साध्या वाढलेल्या ग्रंथीतही पीएसए चढतो, त्यामुळे आकडा पाहून लगेच धसका घेण्याचं कारण नाही.

पसरलेला रोग मुळासकट जात नाही, पण दबतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तोडलं की ही गाठ आक्रसते, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. आजही इंजेक्शनं किंवा वृषणं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया, आणि खोबणीला किरणोपचार, हाच पाया आहे. पुढे आलेला डोळा त्याने बरेचदा मागे सरतो, दुखणं उतरतं. नजर मात्र डोळ्याचा मज्जातंतू किती दिवस दाबला गेला होता, त्यावर अवलंबून असते.