पाटी घ्यावी, पण कोणत्या घरची?

पाटी घ्यायची हे ठरले होते. प्रश्न होता तो कोणत्या घरची घ्यायची एवढाच. पाटी म्हणजे हल्ली ज्याला टॅब्लेट म्हणतात ती. आमच्या पिढीला टॅब्लेट म्हटले की आधी औषधाची गोळी आठवते, म्हणून मी आपला पाटीच म्हणतो.

निमित्त डोळ्यांचे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दृष्टी सुधारली, पण फोनवरची बारीक अक्षरे वाचताना कपाळाला आठ्या पडायच्या त्या पडतातच. संगणकापुढे ताठ बसवत नाही. प्रकाशक प्रुफे पीडीएफमध्ये पाठवतात. ती आरामखुर्चीत रेलून, एका हातात धरून तपासता यावीत, एवढीच माझी मागणी. म्हणजे आठ इंचांच्या आसपासची लहान पाटी.

माझा फोन अॅपलचा आहे. परदेशातल्या मुलाने २०२१ साली आणून दिलेला. पाटीची बातमी त्याच्या कानावर गेली तशी तो म्हणाला, ''बाबा, त्याच कंपनीची घ्या. सगळं आपोआप जुळतं.'' पुण्यातली लेक म्हणाली, ''वाचायला आणि चार ओळी खरडायला पन्नास हजार? बाबा, तुम्ही बँकेत होतात ना?'' झोनल ऑफिस आणि युनियन यांच्यामध्ये सापडलेल्या शाखाधिकाऱ्यासारखी माझी अवस्था झाली.

शेवटी सवयीप्रमाणे वही काढली आणि मधोमध रेघ मारली.

अॅपलची लहान पाटी, आयपॅड मिनी, २०२४ साली नव्या रूपात आली तेव्हा तिची भारतातली सुरुवातीची किंमत होती ४९,९०० रुपये. सॅमसंगची पावणेनऊ इंचांच्या आसपासची टॅब ए९ ही पाटी २०२३च्या ऑक्टोबरात आली ती १२,९९९ रुपयांना. फरक ३६,९०१ रुपयांचा. दोन्ही वस्तू एका तोलाच्या नाहीत, हे मान्य. महाग पाटी वेगाने चालते, तिचा पडदा उजवा आहे. पण प्रुफे वाचणाऱ्याला वेग काय करायचा? माझाच वेग आता ताशी पंधरा पाने आहे.

मग ते ३६,९०१ रुपये मी कशाचे देणार होतो? मुलगा म्हणतो त्या जुळण्याचे. इंग्रजीत याला 'इकोसिस्टीम' म्हणतात. मला गोतावळा हा शब्द बरा वाटतो. फोनवर काढलेला फोटो पाटीवर आपोआप दिसतो. फोन आतल्या खोलीत राहिला तरी आलेला कॉल पाटीवर घेता येतो. फोनवर अर्धी लिहिलेली टिपणे पाटीवर पुढे लिहिता येतात. ही सोय खोटी नाही. ज्याचे दिवसभराचे काम फोटोंचे, चित्रांचे आहे, त्याने हे पैसे जरूर मोजावेत.

पण माझ्या यादीतल्या एकेका कामापुढे मी खूण करत गेलो. ई-मेल कोणत्याही पाटीवर उघडते. पीडीएफ उघडते, वर्तमानपत्र उघडते. व्हॉट्सअॅप फोनला जोडून दुसऱ्या उपकरणावर चालवता येते. पैसे पाठवायचे यूपीआय तर सिमकार्डाला बांधलेले. ते फोनवरच राहणार, पाटी कोणत्याही घरची असो. आणि गंमत पाहा, माझ्या फोनची वायर त्याच कंपनीच्या पाटीला लागतच नाही! २०२१च्या सप्टेंबरात एकाच दिवशी कंपनीने माझ्या जातीचा फोन आणि लहान पाटी जाहीर केली. फोनला जुन्या घाटाचे भोक, पाटीला नव्या. सख्ख्या भावंडांना एका ताटात जेवता येऊ नये, तसा प्रकार. फोनलाही ती वायर मिळाली ती २०२३ साली.

गोतावळ्याचे वचन अखंड असते असेही नाही. याच कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० साली सात इंची पाट्यांची जाहीर खिल्ली उडवली होती. २०११ साली ते गेले आणि २०१२ साली कंपनीने पावणेआठ इंचांहून थोडी मोठी पाटी बाजारात आणली. त्यात वावगे काही नाही. धंदा म्हणजे धंदा. पण कंपनी आपली मते इतकी सहज बदलू शकते, तर गिऱ्हाइकानेच काय म्हणून निष्ठेची शपथ घ्यावी?

इथपर्यंत हिशेब सोपा होता. तो अडला तो एका जुन्या आठवणीपाशी.

१९९४ साल असेल. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक शिक्षिका लॉकर मागायला आल्या. यजमान नुकतेच गेलेले, घरात एकट्या, दागिने ठेवायची भीती वाटत होती. लॉकर रिकामा होता. तरी मी त्यांना सांगितले की आधी मोठी मुदत ठेव ठेवा. वरून ठेवींचे उद्दिष्ट आलेले असे, आणि लॉकर दाखवून ठेव मिळवायची ही त्या काळची सर्रास रीत होती. बाईंनी पोस्टातली रक्कम मोडून आमच्याकडे ठेवली. वर्षभराने मुलाच्या फीसाठी त्या पैसे काढायला आल्या. मुदतीआधी मोडल्याने व्याज कापले गेले ते गेलेच, शिवाय ''ठेव मोडली तर लॉकरचं काय होईल, साहेब?'' हे विचारताना त्यांचा चेहरा जो झाला, तो मी विसरलेलो नाही. २००७ साली रिझर्व्ह बँकेने लॉकरला अशा मोठ्या ठेवी जोडण्यावर बोट ठेवले. २०२१च्या नियमांनी तर जास्तीत जास्त तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढीच ठेव मागता येते. पण माझ्या हातून जे व्हायचे ते होऊन गेले होते.

बाईंना मी फसवले नव्हते. लॉकर मजबूत होता, ठेव सुरक्षित होती. फक्त एका गरजेला दुसरी गोष्ट बांधली होती, आणि आत येताना बाहेर जायची वाट कशी आहे हे सांगितले नव्हते. आज गोतावळ्याची भलामण ऐकताना मला तीच जुनी लॉकरची खोली आठवते. फरक इतकाच की आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी आहे.

म्हणून मी एक साधी परीक्षा घेतली. फोनमधले माझे काय काय दुसऱ्या घरात नेता येते? पत्ते नेता आले. फोटो नेता आले. अडली ती नव्या कादंबरीची टिपणे. तीन वर्षे मी ती फोनच्याच नोंदवहीत लिहीत आलो. त्या नोंदवहीचे अॅप दुसऱ्या घरच्या पाटीसाठी नाहीच. ब्राउझरमधून वळसा घालून ती उघडतात, पण ते काही खरे लिहिणे नव्हे. म्हणजे तीन वर्षांचे माझे शब्द माझेच होते, आणि तरी किल्ली मात्र दुसऱ्याकडे होती. चार संध्याकाळी बसून एकेक टीप साध्या फाइलमध्ये उतरवून घेतली. कंटाळवाणे काम. पण कादंबरी परत हातात आल्यासारखे वाटले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. आमची ही २०२२ साली गेली. तिचा फोन वेगळ्या घरचा, अँड्रॉइडचा. तिची नातवंडांची छायाचित्रे, लोणच्या-मसाल्यांची प्रमाणे आवाजात सांगून ठेवलेली, सारे तिच्या गूगल खात्यात. पासवर्ड सापडला तो वाण्याच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर. खात्याने वर एक संकेतांक मागितला. तो तिच्या नंबरवर येणार होता, आणि तो नंबर मी पुढच्याच आठवड्यात बंद करायला निघालो होतो. ते खाते माझ्या अॅपलच्या फोनवर उघडले आणि तिचा आवाज ऐकू आला. दोन घरांत उठबस करणारी वस्तू किती मोलाची असते, हे मला त्या दिवशी कळले.

बँकेत नामनिर्देशनाचे नियम १९८५ साली आले, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे मी लोकांकडून ते फॉर्म भरून घेतले. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर ठेवीला चार वारसदारांची नावे देता येतात. पण आमच्याच घरातल्या या खात्यांना नॉमिनी असतो, हे माझ्या गावीही नव्हते. गूगलमध्ये ही सोय २०१३ पासून आहे, अॅपलमध्ये २०२१च्या डिसेंबरपासून. मी दोन्हीकडे लेकीचे नाव घातले. वाचकहो, पाटी घ्या अगर घेऊ नका, हे काम मात्र आज रविवार आहे तोवर उरकून टाका.

अखेर मी परक्या घरची पाटी घेतली. नुकसान काहीच झाले नाही असे म्हणणार नाही. मुलगा फेसटाइमवर बोलायचा. त्याला आता व्हॉट्सअॅपवर यावे लागते आणि तो थोडा कुरकुरतो. फोटो आपोआप येत नाहीत, पाठवावे लागतात. शिवाय स्वस्त पाटीला कंपनी किती वर्षे सुरक्षेची दुरुस्ती देणार, हे दुकानदाराला खोदून विचारावे लागते. पुष्कळदा त्याला ते ठाऊक नसते. आणि रात्री नऊ वाजता काही अडले तर विचारायचे कोणाला, हाही हिशेबातला आकडा आहे. ज्यांच्या घरी सगळे एकाच कंपनीचे जाणकार आहेत, त्यांनी त्याच कंपनीची पाटी घेणे शहाणपणाचे. तसे असेल तर छत्तीस हजार महाग नाहीत.

माझे म्हणणे एवढेच, की वस्तू घेताना दुकानातली रोषणाई पाहण्याआधी बाहेर जायचे दार कुठे आहे ते पाहावे. दार उघडे असेल तर त्याच घरात सुखाने राहावे. मीही माझा अॅपलचा फोन टाकून दिलेला नाही. तो चांगला आहे.

हा लेख नव्या पाटीवर लिहिला. कादंबरीची टिपणे शेजारीच उघडी आहेत. आणि मघाशी कैरीच्या लोणच्यात मोहरी किती, हे तिच्याच आवाजात ऐकून घेतले. एका किलोला पन्नास ग्रॅम. मी आजवर अंदाजाने घालत होतो.