त्याला बाळ म्हणू नका

गेल्या भाद्रपदात स्वाध्याय संपल्यावर मंडळातल्या एक काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्या एक दिवस आधी त्याला नेऊ दे गं देवानं. मग तू सुटलीस." भोवतीच्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येऊन भांडी घासताना मात्र अंगावर काटा आला. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या आम्ही बायका, एका धडधाकट 24 वर्षांच्या पोराचं मरण मागत होतो, तेही इतक्या मायेनं! (आपल्या धर्मात देव कुणाला नेत-आणत नाही, हेही कुणाला आठवलं नाही.)

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. 21 वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, एवढंच. पण आमच्याकडं त्याला आईचं कर्म म्हणतात. कर्मसिद्धांत ज्याचं त्यानं भोगायचं असं सांगतो, एकाचं दुसऱ्याच्या खात्यावर टाकत नाही, हे पाठशाळेतली पोरं सांगतील. आणि मोतीबिंदू झाला की कर्म म्हणून कोण गप्प बसतं? मिरजेला जाऊन ऑपरेशन करून येतोच की. कर्म आठवतं ते फक्त दुसरीच्या पोराकडं बघून.

दुसरा शब्द त्याग. "बाईनं केवढा त्याग केला!" हे ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू. 22 वर्षं मी त्याच्या शर्टाची बटणं लावली. त्याला स्वतः लावायला दहा मिनिटं लागतात, मला अर्धं मिनिट. ती साडेनऊ मिनिटं वाचवण्याला मी त्याग म्हणत होते. तत्त्वार्थसूत्रानं परिग्रहाची व्याख्या घरातल्या वस्तू मोजून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे, म्हणजे हे माझं आहे या आसक्तीवरून. दागिन्यांवरची मूर्च्छा आपण ओळखतो. पोरावरची? माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही, याचा मला अभिमान होता बायांनो. त्याचं पान हलू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

आता कुणी म्हणेल, मग सोडून दे की. तसंही सांगतात. "एखाद्या संस्थेत ठेव, महिन्याचे पैसे भर, मोकळी हो." याला सोडणं नाही, टाकणं म्हणतात. सोडणं म्हणजे तो टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं दूध आणायला एकटा जातो, आणि मी गॅलरीत उभी न राहता आत भाजी निवडते. पहिल्या दिवशी मी पदर डोक्यावर घेऊन मागून चालले होते. त्यानं वळून बघितलं आणि म्हणाला, "आई, घरी जा." दुधाच्या दोन पिशव्यांऐवजी तीन आणल्या, सुट्टे पैसे कमी आले. दोन्ही चालायचंच. दुकानदार मात्र आता त्याच्याशी बोलतो, पूर्वी माझ्याशी बोलायचा.

पण आई एकटी कशी सोडणार? आपण हात काढायचा तर दुसऱ्या कुणाचा तरी हात खाली असायला नको का? 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानं अशा सज्ञान मुलांना कायदेशीर पालक नेमता येतो. 2016 चा अपंग हक्क कायदा आणखी पुढं जातो: पालकानं परस्पर निर्णय घ्यायचे नाहीत, मुलाच्या इच्छेनं, त्याच्यासोबत घ्यायचे. कागदावर सोय आहे. कागदावर लिहायला माणूस नाही. मी मंडळात विचारलं, "माझ्यानंतर कुणाचं नाव घालू?" फरशीकडं बघायला लागल्या सगळ्या. दरवर्षी माझ्या पोराच्या वाढदिवसाला केळी आणि वह्या घेऊन येणाऱ्याच ह्या! मला केळी नकोत. आठवड्यातून दोन तास त्याच्याशी पत्ते खेळणारी एक भाची हवी, मंदिराच्या स्वयंपाकघरात त्याला शेंगा सोलायला बसवणारा एक आचारी हवा. उद्या सही करायची वेळ येईल तेव्हा त्याला ओळखणारी दोन माणसं हवीत.

आणि त्याला नावानं हाक मारा. मिशा फुटल्यात त्याला, तरी अख्खी गल्ली "बाळ" म्हणते. बाळाला कोण विचारतं, तुला काय पाहिजे म्हणून?

गेल्या वर्षी त्याला दशलक्षणात एकाशन करायचं होतं. "त्याला व्रतातलं काय कळतंय," असं मंदिरातल्या एका जाणत्यांनी म्हटलं, आणि लाज वाटते सांगायला, मीही तेच म्हटलं. त्याला घड्याळ वाचता येत नाही, पण दिवस बुडाल्यावर तो पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. मला तर प्रवासात कितीदा सूट घ्यावी लागते.

या भाद्रपदात पंचमीला आणि अनंत चतुर्दशीला तो एकाशन करणार आहे. डॉक्टरांना विचारलंय. संध्याकाळी मंदिराच्या पायरीवर बसलेला दिसला, तर काकूंनो, मावश्यांनो, मायेनं त्याच्या हातात बिस्कीट ठेवू नका. तुमचं मन मोडवत नाही म्हणून तो खाईल, आणि रात्रभर माझ्याशी भांडेल.