पाचही स्वर वाजवायलाच हवेत का?

डॉमिनंट नाइन्थ कॉर्ड शिकवताना क्लासात पाच स्वर सांगतात, बोटांचा साचा दाखवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. यातले कोणते स्वर गाळता येतात, हे बहुधा सांगायचेच राहते, आणि माझ्या मते कॉर्ड समजतो तो तिथेच. सी हा सा धरला तर जी-नाइन्थचे स्वर येतात प, नी, रे, म, ध. त्यातल्या नी आणि म यांच्यात सहा अर्धस्वरांचे अंतर आहे. सगळी ओढ या जोडीची: नी वर साकडे सरकतो, म खाली गवर उतरतो. ध त्या ओढीला रंग देतो, पण तो प आणि नीच्या मध्ये कोंबला की कालवाकालव होते. त्याला वर मोकळी जागा द्यावी. उरला रे. तो गाळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बेसवाला प धरून असेल, तर गिटारवाल्याने तोही खुशाल सोडावा.

मूळ स्वरच काढल्यावर कॉर्ड तोच कसा राहील, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. नी, रे, म, ध एवढेच वाजले तर तो बी हाफ-डिमिनिश्ड. बेसने खाली रे लावला की तोच डी मायनर सिक्स्थ होतो, आणि प लावला की पुन्हा जी-नाइन्थ. म्हणजे नाव ठरते ते सगळे मिळून काय वाजवतात त्यावर. एकट्याने वाजवणाऱ्याला ही चैन परवडत नाही, हे मान्य. नवशिक्याला आधी पूर्ण साचा लागतो, हेही खरे; पण तो हाती बसल्यावरही तिथेच अडकून राहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप पुस्तकी आहे: डॉमिनंटची ओढ सुटलीच पाहिजे. ब्लूजने हा नियम कधीच मनावर घेतला नाही. तिथे पहिला, चौथा, पाचवा, तिन्ही कॉर्ड डॉमिनंट असतात. टी-बोन वॉकरच्या १९४७च्या ‘स्टॉर्मी मंडे’त नाइन्थ ऐकावेत. जेम्स ब्राऊनचे १९७०चे ‘सेक्स मशीन’ तर बराच वेळ ई फ्लॅट नाइन्थवरच ठाण मांडून असते. फंकमध्ये गिटार पुष्कळदा बारीक तारांपुरतीच वाजते. तिसऱ्या फ्रेटवर बारीक तीन तारा एका बोटाने दाबल्या की सी-नाइन्थचे बी फ्लॅट, डी आणि जी मिळतात. सी नाही, ईसुद्धा नाही. म्हणजे वर सांगितलेली जोडीही इथे अर्धीच उरली. ई कीबोर्डवाला किंवा ब्रासवाले देतात, सी बेसवाला.