नफा विक्रेत्याचा, ओझे रस्त्याचे

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरणानंतर, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, बाकीची होती तेथेच सोडावीत असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवण्याचे फर्मान आले. वृत्तपत्रे भरून गेली, मोर्चे निघाले. परंतु या साऱ्या गदारोळात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते ते केवळ रस्त्यावरचे मुके जनावर. जो मनुष्य पैशासाठी कुत्र्यांची पैदास करतो, त्याचे नाव क्वचितच कोणी घेतले.

रस्त्यावरची बहुसंख्य कुत्री रस्त्यावरच जन्मतात, उकिरड्यांवर जगतात, आणि त्यांची संख्या वाढण्याचे मुख्य कारण निर्बीजीकरणाची दिरंगाई व कचऱ्याची अनास्था हेच आहे. हे निर्विवाद आहे. २०१९ च्या पशुगणनेने देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख दाखवली. एवढे निराधार जीव दाराशी असताना त्याच शहरांत, पैसे मोजणाऱ्यांसाठी, नवी पिल्ले मुद्दाम जन्माला घातली जातात. त्यांतली काही वर्षभरात टाकून दिली जातात आणि त्याच रस्त्यावर येतात. विकत घेतलेल्या प्रत्येक पिल्लामागे निवारा केंद्रातील एका कुत्र्याचे संभाव्य घर हिरावले जाते. गळती लागलेल्या घरातले पाणी बादलीने उपसावयाचे आणि छपरावर नवे भोक पाडणाऱ्याकडे मात्र पाहावयाचे नाही, असा हा कारभार आहे.

हा धंदा चालतो कसा? त्याला पाटी नसते आणि दुकानाचीही गरज नसते. एखाद्या सदनिकेची मागची खोली, गच्चीवरची पत्र्याची शेड, शहराबाहेरचे कुंपण घातलेले आवार एवढे भांडवल पुरते. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. लोभी पैदासकाराच्या हिशेबी तिचा प्रत्येक माज म्हणजे उत्पन्नाचा एक हप्ता. झालेल्या पिल्लांची छायाचित्रे मोबाइलवरून फिरतात, ‘कागदांसह’ एक भाव आणि ‘कागदांविना’ दुसरा भाव सांगितला जातो, आणि व्यवहार रोखीने उरकतो. पिल्लू जितके लहान तितके ग्राहकाच्या मनात भरते. म्हणून चार-पाच आठवड्यांचे, आईच्या दुधावरचे पिल्लू खोक्यात घालून पाठवले जाते. ज्या वयात आपला चावा किती जोराचा असावा हे ते भावंडांशी खेळताना शिकते, त्याच वयात ते एकटे पडते. पुष्कळदा पार्वोसारखा प्राणघातक आजारही त्याच खोक्यातून नव्या घरी जातो. पिल्लाची आई ग्राहकाला दाखवली जात नाही, कारण तिचे लोंबलेले आचळ आणि झडलेली कातडी पाहिल्यावर सौदा मोडण्याची भीती असते. तिची कूस निकामी झाली की एखाद्या रात्री गाडीत घालून तिला महामार्गावर सोडले जाते. एखाद्या सजीवाला केवळ उत्पादनाचे यंत्र मानले की यंत्र झिजल्यावर ते भंगारात टाकणे ओघानेच येते.

या विषयावर कायदाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून त्याची वाट मोकळी झाली होती. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २६१ व्या अहवालात प्राण्यांची दुकाने आणि श्वानपैदास यांच्या नियमनाची निकड सांगितली. त्यानंतर २०१७ साली श्वानपैदास व विक्रीचे नियम आले आणि २०१८ साली प्राण्यांच्या दुकानांचे. पैदासकाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे, मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिच्याकडून पिल्ले घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे हे नियम सांगतात. कागदावर सारे ठाकठीक आहे.

परंतु हे नियम ज्या अधिनियमाच्या पायावर उभे आहेत, त्यातील शिक्षा पाहावी. प्राण्याला उपाशी ठेवणे, उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे, यांसारख्या गुन्ह्यांसाठी पहिल्या वेळचा दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये आहे. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा घडला, तर २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जो व्यापारी एका पिल्लाचे हजारो रुपये घेतो, त्याला पन्नास रुपयांची जरब ती काय बसणार? असा दंड म्हणजे गुन्ह्याचा परवाना शुल्कच होय. २०२२ साली या अधिनियमाच्या दुरुस्तीचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. मसुदे प्रसिद्ध करण्यातच कर्तव्य संपले असे मानण्याची राज्यकर्त्यांची सवय मात्र सुटली नाही.

मागणी निर्माण केल्यावाचून असा बाजार वाढत नाही. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि हा चपट्या नाकाचा कुत्रा देशभर घरोघर हवाहवासा झाला. त्याचे तोंड माणसाच्या हौसेपायी पिढ्यानपिढ्या इतके आखूड केले गेले आहे की त्याला धड श्वास घेता येत नाही, याची जाहिरातीत वाच्यता नव्हती. पुढे हस्कीचा जमाना आला. बर्फावर गाड्या ओढण्यासाठी घडलेला हा केसाळ जीव, चाळीस अंशांपलीकडे पारा चढणाऱ्या विदर्भात वातानुकूलित खोलीचा कैदी होतो. हौस फिटली, बदली झाली, विजेचे बिल वाढले, की त्याच्यासाठी दार बंद.

या हौसेच्या मुळाशी एक जुना रोगही आहे. ‘जातिवंत’ आणि ‘गावठी’ हे शब्द कुत्र्यांच्या बाबतीत ज्या सुरात उच्चारले जातात, तो सूर या समाजाला अपरिचित नाही. रक्ताची शुद्धता, कुळाचा दाखला, संकराविषयीची किळस: माणसांच्या बाबतीत उघडपणे बोलावयाची ज्यांना आता चोरी झाली, ते ती भाषा कुत्र्यांच्या बाजारात निःसंकोचपणे बोलतात. शुद्धतेच्या नावाखाली जवळच्या नात्यात संकर केल्याने जातिवंत कुत्र्यांत खुब्याचे, हृदयाचे, डोळ्यांचे आनुवंशिक विकार साठत जातात, हे पशुवैद्यकाने कधीचेच सांगून ठेवले आहे. उलट, या मातीत, या हवेत निभावलेले गावठी कुत्रे सामान्यतः काटक असते. दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्रे पूजणारा, धर्मराजाने कुत्र्याखातर स्वर्ग नाकारल्याची कथा भक्तीने ऐकणारा समाज, दारात आलेल्या गावठी पिल्लाला मात्र हाकलतो.

याची किंमत कोण देतो, हा प्रश्न कळीचा आहे. पिल्लांचा नफा विक्रेत्याच्या खिशात जातो. टाकलेल्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा, निवाऱ्याचा, सरकारी रुग्णालयातील रेबीजच्या लसीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. आणि प्रत्यक्ष चावा बसतो तो पहाटे कचरा वेचणाऱ्या बाईला, रात्रपाळीहून पायी परतणाऱ्या कामगाराला, झोपडपट्टीतून शाळेत जाणाऱ्या पोराला. मोटारीतून उतरणाऱ्याला नव्हे. ‘माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे काय घेऊन बसलात’ असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब नीट मांडून पाहावा. गरिबाचे रक्षण आणि मुक्या जनावराचे रक्षण या ठिकाणी एकाच मागणीत सामावले आहे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा घेतला जातो. लहान पैदासकार जगणार कसे? सांगली-सोलापूरकडे कारवानी कुत्री सांभाळणारे पशुपालक आणि शहरातल्या खोलीत पिंजऱ्यांची चळत रचणारा दलाल यांना एका तागडीत तोलता येत नाही. नोंदणी करून, मादीला विश्रांती देऊन, विकलेल्या पिल्लाची जबाबदारी घेऊन काम करणाऱ्याला नियमांचे भय नाही. ज्या धंद्याला नियम पाळून तगता येत नाही, तो धंदा दुसऱ्याच्या यातनेवरच तगलेला असतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. विक्रीच्या प्रत्येक जाहिरातीवर, मोबाइलवरच्या जाहिरातीवरसुद्धा, नोंदणी क्रमांक सक्तीचा असावा. पिल्लाच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवून तिच्यात पहिल्या विक्रेत्याची नोंद व्हावी, म्हणजे टाकलेल्या कुत्र्याचा माग त्याच्या दारापर्यंत लागेल. दलालांमार्फत विक्री बंद व्हावी. इंग्लंडने एप्रिल २०२० पासून ती बंद केली, आणि फ्रान्सने जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरे विकण्यास मनाई केली. दंड नफ्याच्या पटीत आकारला जावा आणि ती रक्कम निर्बीजीकरणास मिळावी. महापालिकांनी परवाना देण्यावर समाधान न मानता प्रत्येक प्रभागात दत्तक केंद्र चालवावे. निवारा केंद्रांची तपासणीही तितकीच कडक व्हावी, कारण दयेच्या पाटीआड कोंडवाडा चालवणारेही आहेत.

राहिला नागरिक. त्याच्या हाती कायद्याहून मोठे शस्त्र आहे, ते खरेदी नाकारण्याचे. घरात कुत्रे हवे असेल तर त्याने निवारा केंद्रात जावे. तेथे लसीकरण झालेली, स्वभाव कळून चुकलेली, मोठी झालेली कुत्री वाट पाहत बसलेली असतात. पिल्लाच्या स्वभावाचा जुगारही त्यात नाही. दहा-बारा वर्षे त्या जीवाला सांभाळण्याची तयारी नसेल तर त्याने कुत्रे पाळूच नये; तोही एक प्रामाणिक निर्णय आहे. ग्राहक पाठ फिरवील त्या दिवशी त्या मागच्या खोलीतले पिंजरे रिकामे होतील. तोवर सरकारने निदान त्या खोलीचे दार ठोठवावे. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघताच कुत्री पकडणाऱ्या गाड्या एका रात्रीत रस्त्यावर येऊ शकतात. २०१७ चे नियम हाती घेऊन तपासनीस त्या दारापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर सत्ताधाऱ्यांनी द्यावयाचे आहे.